क्लबच शहर सोडून गेला, त्याचं काय?

२०२५च्या मे महिन्यात आमच्या घरात एक गद्दार जाहीर झाला. नाव ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड, राहणार लिव्हरपूल. आम्ही राहतो नाशकात, सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे. म्हणजे या माणसाने कुठे जावं याच्याशी आमचा तसा संबंध नव्हता. पण चिरंजीवांनी त्याच्या नावाची जर्सी कपाटाच्या तळाशी कोंबली आणि जेवताना एवढंच बोलले, "पप्पा, तो गद्दार निघाला."

तक्रार अशी. हा मुलगा सहा वर्षांचा असताना लिव्हरपूलच्या अकादमीत गेला आणि वीस वर्षं तिथेच राहिला. २०१९ची चॅम्पियन्स लीग, २०२० आणि २०२५ची प्रीमियर लीग, सगळं त्याच लाल जर्सीत जिंकला. मग करार संपत आला तेव्हा म्हणाला, आता मी निघतो, आणि गेला रेआल माद्रिदला. जाणार हे जाहीर झाल्यावर घरच्या मैदानावर आर्सेनलशी सामना होता. तो बदली खेळाडू म्हणून उतरला तेव्हा त्याच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्यात आमच्या हॉलमधूनही भर पडली.

'गद्दार' हा शब्द महाराष्ट्रात २०२२च्या जूनमधल्या राजकीय बंडापासून फारच स्वस्त झालाय, आणि त्याच्यामागोमाग खोकी येतात. तो विषय इथे नको. फुटबॉलपुरतं बोलू.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या एमआयडीसीत, मशीन शॉपमध्ये गेली. व्हीएमसी मशिनवर हात बसलेला एखादा पोरगा दोन हजार जास्त मिळतात म्हणून अंबडच्या कंपनीत चालला, तर आम्ही वर्गणी काढून त्याला शाल-नारळ द्यायचो, समोसा-वेफर्स खायचो. गेटवर उभं राहून त्याची हुर्यो करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. उलट "तिकडे जागा असली तर सांग रे" असं चार जण त्याच्या कानात सांगून यायचे. आणि शेजारच्या शेडमधली एक कंपनी, नाव नको, एका दिवाळीनंतर मशिनं ट्रकवर चढवून परराज्यात निघून गेली. गेटवर नोटीस चिकटवलेली. दीडशेच्या वर माणसं रस्त्यावर. त्या मालकाला मात्र कुणी गद्दार म्हटलं नाही. लोक म्हणाले, काय करणार, धंदा आहे.

माझं म्हणणं सगळं या दोन निरोपांतच आहे. फुटबॉलमध्ये मात्र आपण मालकालाच ही समजूत दाखवतो, जाणाऱ्या माणसाला नाही. खेळाडू गेला की निष्ठा आठवते, क्लब गेला की धंदा आठवतो.

मुळात करार संपला की खेळाडू मोकळा, ही गोष्ट तरी कितीशी जुनी आहे? बेल्जियमचा झाँ-मार्क बोस्मान नावाचा एक साधाच खेळाडू. लिएजच्या क्लबबरोबरचा त्याचा करार संपला. त्याला फ्रान्समध्ये डंकर्कला जायचं होतं. क्लब म्हणाला, पैसे मोजले तरच सोडू. आणि इथेच राहणार असशील तर पाव पगारावर राहा. तो कोर्टात गेला, वर्षानुवर्षं भांडला, कारकीर्द मातीत गेली, आणि डिसेंबर १९९५मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपलेल्या माणसाला अडवता येणार नाही. त्याआधी करार संपला तरी माणूस क्लबचाच असायचा. जुन्या खेळाडूंच्या निष्ठेच्या ज्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो, त्यातल्या किती मनापासूनच्या होत्या आणि किती बाहेरून लावलेल्या कडीच्या, हे ज्याने त्याने तपासावं.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तो इंजिनिअर आहे, वाद घालायला कमी नाही. म्हणाला, "पप्पा, तुमच्या कंपनीत तुमच्या नावाने चाळीस हजार लोक गाणी म्हणत होते का?" प्रश्न बरोबर होता. खेळाडूला पगाराच्या वर काहीतरी मिळतं, आणि ते फुकट मिळत नाही. शिवाय त्याचा दुसरा मुद्दा असा, की करार संपेपर्यंत थांबून निघालं तर क्लबच्या हाती जवळजवळ काही पडत नाही. माद्रिदने त्याला महिनाभर आधी न्यायला थोडीफार रक्कम दिली, तेवढीच. हॅरी केन टॉटनहॅम सोडून बायर्नला गेला तेव्हा निदान क्लबची तिजोरी तरी भरली. हे मला मान्य आहे. जाणाऱ्याकडून लोकांचं काही येणं असतंच. पण ते येणं म्हणजे आयुष्यभर इथेच राहा असं नव्हे. कसा गेलास, एवढंच विचारायचा आपला हक्क आहे. त्यावर पुढे येतो.

आधी, ज्या गद्दारीवर आमच्या घरात कुणी जर्सी कोंबली नाही, ती सांगतो.

नाशिकला देशपातळीवरचा फुटबॉल क्लब कधीच नव्हता. आमच्यासाठी मोठं फुटबॉल म्हणजे पुणे. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण करत बालेवाडीला पोचायचं, सामना बघायचा आणि रात्री पुन्हा गाडी हाणायची. मुलगा शाळेत होता तेव्हापासूनची ही आमची चैन. त्या एका शहराने दहा-बारा वर्षांत चार क्लब बघितले. २००७मध्ये अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी आला. बरा खेळायचा, तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. कल्याणी समूहाचा भारत एफसी २०१४-१५चा एकच मोसम टिकला. शिवाजियन्स हा पुण्याचा जुना क्लब डीएसके समूहाच्या नावाने आय-लीगमध्ये आला, दोन मोसम खेळला आणि बंद झाला. आणि इंडियन सुपर लीगमधला, म्हणजे आयएसएलमधला एफसी पुणे सिटी, २०१४ ते २०१९. सिनेमाचे नट मालकांत, बालेवाडीत दिव्यांची रोषणाई, लाऊडस्पीकरवर ढोल.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कळलं, की पुणे सिटी गुंडाळला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसी असं नवं नाव, नवे मालक. याच क्लबने २०२२च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला केरळ ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून आयएसएल जिंकली. मी टीव्हीवर बघत होतो. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे शेवटपर्यंत ठरेना. पुढे तिथेही पैशांची बोंब झाली, खेळाडूंचे पगार थकले, आणि २०२५मध्ये तोच क्लब उठून दिल्लीला गेला. आता तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली आहे. पुणे, हैदराबाद, दिल्ली. एखाद्या खेळाडूने सहा-सात वर्षांत तीन क्लब बदलले तर आपण त्याला भाडोत्री म्हणतो. इथे क्लबने तीन शहरं बदलली.

मुंबईची कथा वेगळी नाही. महिंद्राचा संघ १९६२पासूनचा. आमच्या शॉपमध्ये महिंद्राच्या गाड्यांचे काही सुटे भाग बनायचे, त्यामुळे सातपुरात तो संघ आपलाच वाटायचा. नात्याला तेवढा धागा पुरतो. २००५-०६ला डेरिक परेरांच्या हाताखाली महिंद्रा युनायटेडने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही क्लबला ती लीग कधी जिंकता आली नाही. ड्युरँड, फेडरेशन कप, सगळं कपाटात होतं. २०१०मध्ये कंपनीने संघच बंद केला, यापुढे लक्ष शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर म्हणून. कंपनीचा पैसा, कंपनीचा निर्णय. पण त्यांच्या एखाद्या स्ट्रायकरने भर बहरात "यापुढे माझं लक्ष शाळकरी मुलांवर" असं सांगून बूट उतरवले असते, तर आपण त्याला इतक्या समजूतदारपणे घेतलं असतं का?

आणि मुंबई एफसी. या क्लबला खालिद जमील नावाचा प्रशिक्षक सात वर्षं होता. तुटपुंज्या पैशांत, दुय्यम खेळाडू घेऊन, दर मोसमात संघ बुडता बुडता वाचवायचा. खेळ बघायला रटाळ, हे मीही म्हणायचो. २०१६मध्ये त्याला काढलं. त्याच वर्षी गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणावर चिडून आय-लीग सोडली, मग पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला धेंपोही बाहेर पडला. त्यामुळे खालच्या लीगमध्ये ढकलल्या गेलेल्या मिझोरामच्या ऐझॉलला पुन्हा वर जागा मिळाली. खालिद तिकडे गेला. मुंबईचे आशुतोष मेहता आणि जयेश राणे त्या संघात होते. २०१७च्या एप्रिलअखेर ऐझॉल भारताचा विजेता झाला. मुंबई एफसी त्याच मोसमात तळाला गेला आणि मग बंदच पडला. २०२५च्या ऑगस्टमध्ये खालिद भारताच्या संघाचा प्रशिक्षक झाला. बरं, ऐझॉलला विजेतेपद दिल्यावर खालिद तिथे थांबला का? नाही. तो लगेच ईस्ट बंगालला गेला. मला त्यात काहीही वावगं वाटत नाही. ज्याला काल काढलं, त्याने आज कुणाच्या भरवशावर घर बांधायचं?

आता कोणी म्हणेल, पैसेवाल्यांच्या क्लबचं सोडा, जिथे खरा जीव आहे तिथलं बोला. बोलतो. माझी सासुरवाडी कोल्हापूर, मंगळवार पेठ. तिथलं फुटबॉल बघितल्याशिवाय महाराष्ट्रात फुटबॉल नाही असं कुणी म्हणू नये. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी. हे क्लब कसले, तालमी आणि मंडळं ही. ज्यांच्या आखाड्यात पैलवान घुमले त्यांच्याच नावाने पोरं फुटबॉल खेळतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी समोरासमोर आले की दुपारी पेठेतलं दुकान उघडं ठेवून उपयोग नसतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे दर मोसमाआधी खेळाडूंची नोंदणी होते, आणि त्या दिवसांत कोण कुठल्या तालमीत गेला याची चर्चा चहाच्या गाड्यावर लग्न जमवण्याइतक्या गांभीर्याने चालते.

इथे निष्ठेचा हक्क सांगायला मला अडचण वाटत नाही. कारण तालीम उठून कुठे जाणार नाही. पुढाऱ्याने वर्गणी बंद केली तरी गल्ली दारोदार फिरून पैसे जमवते. पोराचा गुडघा निखळला तर दवाखान्यात पेठेतलीच चार माणसं थांबतात. जी संस्था स्वतः जागची हलत नाही, तिनेच दुसऱ्याला "तू का हललास" विचारावं. पण तिथेही सगळं गोमटं आहे असं नाही. तालमीही आता बाहेरगावचे, अगदी नायजेरियाचेही खेळाडू आणतात, आणि पेठेतला पोरगा बाकावर बसतो. तो बाकावर बसलेला पोरगा पुढच्या मोसमात पलीकडच्या तालमीत गेला तर त्याने काय गुन्हा केला? गॅलरीत दगड भिरकावणाऱ्यांना याचं उत्तर नसतं. पोरं हाणामारीवर येतात, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, आणि त्या सगळ्याला पेठेचा अभिमान असं नाव देतात. मला ते कधी पटलं नाही आणि सासुरवाडीत मी ते बोलूनही दाखवतो, जावयाला तेवढी सूट असते.

माझा मेहुणा तरुणपणी बॅकला खेळायचा. एकदा त्यांचा एक पोरगा दुसऱ्या तालमीत गेला आणि त्याने जुन्या तालमीवरच गोल मारला. मेहुणा मला म्हणाला, "दाजी, गेला त्याचं काय न्हाई ओ. पोट हाय त्याला. पण गोल मारून आमच्याच पोरांम्होरं शर्ट काढून नाचायचं व्हतं व्हय?" माझ्या मते यापेक्षा नेमकं कुणी बोललेलं नाही. २०००च्या नोव्हेंबरमध्ये रोमाकडून खेळताना बातिस्तुता नावाच्या खेळाडूने फिओरेंतिनावर, म्हणजे जुन्या क्लबवर, गोल मारला. नऊ मोसम तो फिओरेंतिनात काढून आला होता. गोल मारला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. गोल चुकवला नाही. ती नव्या क्लबशी बेइमानी झाली असती. पण नाचलाही नाही. मेहुण्याला हे नाव ठाऊक नाही, मागणी मात्र हीच होती.

ही मान राखण्याची गोष्ट एकट्या खेळाडूची नसते, प्रेक्षकांचीही असते. फिगो २००० साली बार्सिलोना सोडून थेट रेआल माद्रिदला गेला, तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला. दोन वर्षांनी तो बार्सिलोनात कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा स्टँडमधून डुकराचं मुंडकं आलं. यात फिगोची अब्रू गेली की मुंडकं पिशवीत घालून स्टेडियमपर्यंत आणणाऱ्याची? कोलकात्यात पूर्वी बदल्यांच्या मोसमात क्लबची माणसं खेळाडूंना उचलून नेऊन लपवून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या क्लबला सही घेता येऊ नये. त्याच कोलकात्याने बारेटोला मात्र वेगळं वागवलं. ब्राझीलचा होझे रामिरेझ बारेटो मोहन बागान सोडून गेला, मलेशियात खेळला, मुंबईत महिंद्राबरोबर लीग जिंकला आणि पुन्हा बागानला परतला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आज तो कुठल्या क्लबचा म्हणून विचारलंत तर कुणीही बागानच सांगेल.

आपल्याकडे कुस्तीत हे जास्त चांगलं जमतं असं मला वाटतं. २०२०च्या जानेवारीत हर्षवर्धन सदगीर नाशिककडून महाराष्ट्र केसरी झाला. नाशिकमध्ये मिरवणुका निघाल्या. मूळचा पोरगा नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला, भगूरच्या बलकवडे व्यायामशाळेत तयार झालेला, आणि पुढे पुण्यात काका पवारांच्या तालमीत. अंतिम कुस्ती लातूरच्या शैलेश शेळकेशी, आणि शेळकेही काका पवारांचाच पठ्ठ्या. दोघं एका तालमीत राहणारे. जिंकल्यावर हर्षवर्धनने शेळकेला खांद्यावर उचलून आखाड्यात फिरवलं. हा माणूस अकोल्याचा, भगूरचा की पुण्याचा, असा हिशोब त्या दिवशी नाशकात कुणी मांडला नाही. म्हणजे आपल्याला जमतं. फुटबॉलच्या वेळी इंग्लंडमधली भांडणं उसनी आणतो तेव्हा बिनसतं.

२०२५ हे वर्ष तर या वादाचा निकाल लावायला पुरेसं होतं. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा होईना, म्हणून जुलैत आयएसएल लांबणीवर पडली. ऑगस्टमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईच्या क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. डिसेंबरात, २०१९पासून मुंबई सिटीचा बहुतांश हिस्सा हाती असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने तो सोडून काढता पाय घेतला. मँचेस्टर सिटीवालेच ते. या काळात मुंबई सिटीने दोनदा आयएसएलचा चषक आणि दोनदा लीगची ढाल जिंकली होती, म्हणजे अपयशाचंही कारण नव्हतं. मी मुलाला विचारलं, यांना काय म्हणायचं? म्हणाला, "पप्पा, लीगचंच ठिकाणावर नव्हतं, ते तरी काय करणार?" बघा, समजूत किती लवकर आली.

आणि आता कोल्हापूरच्या अनिकेत जाधवकडे बघा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, २०१७ला दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला. त्याला जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असं फिरावं लागलं. त्यातला हैदराबाद म्हणजे पूर्वाश्रमीचा पुण्याचाच क्लब, हे वेगळंच. महाराष्ट्रातल्या पोराने महाराष्ट्राशी निष्ठा ठेवायची म्हटली तर कुठल्या दारात ठेवायची?

इंग्लंडमध्येच याचं एक उत्तर आहे, पण ते आमच्या चिरंजीवांना ठाऊक नव्हतं. लंडनच्या विम्बल्डन क्लबला २००२ साली मिल्टन कीन्स या दूरच्या गावी हलायची परवानगी मिळाली. प्रेक्षक क्लबच्या मागे गेले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, बऱ्याच खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि २०११मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये नेऊन उभा केला. पुण्यात हे का झालं नाही? कारण विम्बल्डनच्या लोकांना चढायला खालपासून वरपर्यंत पायऱ्या होत्या. आपल्याकडे तेव्हा पैसे भरूनच वर बसता यायचं, खालून चढून तिथे जाता येत नव्हतं.

आमच्या नाशिकच्या नावाचा एक क्रिकेट संघ आहे, महाराष्ट्र प्रीमियर लीगमधला नाशिक टायटन्स. २०२४ला अंतिम सामन्यापर्यंत गेला, नाशिककर खूश होते. तो सामना झाला गहुंज्याला. अनंत कान्हेरे मैदानावर आपण रणजी सामने बघितलेत, पण आपल्या नावाचा संघ बघायला पुण्याला जायचं. उद्या कुणी उद्योगपती नाशिकच्या नावाने फुटबॉल क्लब घेऊन आला, तर मी ढोल वाजवायला जाणार नाही. आधी तीन गोष्टी विचारणार. सराव आणि सामने नाशकातच होणार का? क्लबचा काही हिस्सा इथल्या लोकांच्या हातात देणार का? जर्मनीत बहुतेक क्लबांत अर्ध्याहून जास्त मतं सभासदांकडे असतात. आपल्याला निम्मं नको, दहावा हिस्सा चालेल. आणि शहर सोडायचं झालं तर किती मोसम आधी सांगणार, आणि त्यासाठी किती अनामत ठेवणार? ती रक्कम महासंघाकडे राहावी, आणि क्लब हलला तर जप्त होऊन जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांवर खर्च व्हावी. यावर सही करणाऱ्या मालकाने मग आपल्या सेंटर फॉरवर्डकडे खुशाल निष्ठा मागावी.